फराळाचं खोकं, मुलीचं जुनं खातं आणि बोटीने येणारी अठरा खोकी

मुलुंड पूर्व | ८ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी.

परवा विसर्जन झालं, मखर माळ्यावर गेलं आणि काल हे वही घेऊन माझ्यासमोर बसले. "दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर धावपळ होते, यंदा आधीच ठरवू," म्हणाले. ठरवायला बसलो ते भांडून उठलो. म्हणून इथे विचारतेय.

आमची दोन्ही मुलं बाहेर. मुलगी २०२२ च्या सप्टेंबरात मँचेस्टरला शिकायला गेली, आता तिथेच नोकरी करते. मुलगा सात वर्षं न्यू जर्सीला आहे, तो आणि सून जानेवारीत कायमचे परत येताहेत. दोघांचे इथले व्यवहार आम्हीच बघतो.

पहिली अडचण फराळाची. मुलाचं खोकं दरवर्षी पोस्टाने जायचं. या वेळी चौकशीला गेले तर अमेरिकेचं बुकिंगच बंद. खाजगी कुरियरवाल्याकडे गेले तर तो नऊ किलोचे पैसे सांगतो. घरच्या काट्यावर तेच सामान साडेपाच किलो भरलं! खोटा काटा माझा की त्याचा?

दुसरी मुलीच्या खात्याची. कॉलेजात असताना मुलुंडच्या शाखेत उघडलेलं साधं बचत खातं आहे. ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जातो, त्यासाठी ती दर महिन्याला हजार पौंड पाठवते. कुणी म्हणतं परदेशी राहणाऱ्याला वेगळं खातं लागतं, एनआरओ करा, कुणी म्हणतं एनआरई. ह्यांचं म्हणणं, तीन वर्षं सुरळीत चाललंय, कशाला हात लावायचा?

आणि तिसरी मुलाची अठरा खोकी, बोटीने. "आई, तुम्ही फक्त न्हावा शेवाहून घेऊन या," म्हणतो. जसं काही दादरहून भाजी आणायची आहे.

खडूस | ८ सप्टेंबर

तुमचे मिस्टर बरोबर बोलताहेत. माझ्या भावाचं खातं अकरा वर्षं तसंच आहे. कोणी विचारत नाही. आपण होऊन सांगायला गेलं की दहा कागद मागतात.

खिडकी क्रमांक ४ | ९ सप्टेंबर

खडूसराव, विचारत नाहीत तोवर विचारत नाहीत. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ फोर्टला परकीय चलन विभागात. अशी अकरा-अकरा वर्षांची खाती घेऊन लोक माझ्या खिडकीपाशी यायचे, तेही बहुतेक वेळा घर विकायला काढल्यावर. तेव्हा घाई असते, आणि नेमकी तेव्हाच फाईल अडते.

ताई, नियम सांगतो. नोकरीसाठी बाहेर पडलेला माणूस फेमाच्या, म्हणजे १९९९ च्या परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने निघाल्यापासूनच अनिवासी. वर्षात भारतात किती दिवस राहिलात त्याचं ते १८२ दिवसांचं गणित आयकराचं, लोक दोन्हीची खिचडी करतात. शिकायला गेलेल्या मुलांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ च्या परिपत्रकात अनिवासीच धरलं आहे. म्हणजे मुलीचं बचत खातं २०२२ सालीच एनआरओ व्हायला हवं होतं. कायद्यात दंड रकमेच्या तिपटीपर्यंत आहे. पण घाबरू नका. आपण होऊन गेलात तर शाखा अर्ज घेते आणि खातं बदलून देते, मी स्वतः कित्येक दिली. खरा घोळ केवायसीची मुदत संपल्यावर होतो. पत्त्याचा पुरावा मागतात, खातेदार मँचेस्टरला, खातं गोठतं आणि त्या महिन्याचा हप्ता परत जातो.

आता एनआरओ की एनआरई. तुम्हाला दोन्ही लागतील. एनआरओ हा इथल्या पैशाचा डबा: जुनी शिल्लक, घरभाडं, लाभांश. व्याजावर बँक ३० टक्के टीडीएस कापते, सेस धरून ३१.२. एनआरई हा तिकडून आलेल्या पैशाचा डबा. व्याजाला भारतात कर नाही, आणि मुद्दल-व्याज दोन्ही हवं तेव्हा परत बाहेर नेता येतं. एनआरओतून बाहेर न्यायचं तर आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा, वर कर भरल्याचं सांगणारे कागद. एवढी मोठी रक्कम आपल्याकडे नसते हो, पण फ्लॅट विकला की कागद लागतातच.

तेव्हा जुनं खातं एनआरओ करून घ्या, नवं एनआरई उघडा, पौंड एनआरईत येऊ देत आणि हप्ताही तिथूनच कापायला सांगा. उद्या फ्लॅट विकला तर घराला घातलेला पैसा बाहेरून आला होता हे दाखवणारी सलग नोंद हाताशी राहते. आज ती नाही. पौंड बचत खात्यात पडले, तुमच्या किराणाच्या पैशात मिसळले.

मुलुंड पूर्व | ९ सप्टेंबर

काका, फार उपकार झाले. आता एक कबुली देते. ह्यांनी तिच्या नावाने त्याच शाखेत दोन एफडी केल्यात आणि टीडीएस कापू नये म्हणून दरवर्षी १५जी भरून देतात. तिच्या सहीने. म्हणजे सही ती सुट्टीला आली की करून ठेवते.

खिडकी क्रमांक ४ | ९ सप्टेंबर

अरे देवा.

१५जी फक्त निवासी माणसाने भरायचा असतो. ती भरूच शकत नाही. यंदाचा भरला असेल तर शाखेला लेखी कळवून मागे घ्या, एफडी एनआरओत वळवा, आणि गेल्या वर्षांच्या विवरणपत्रांबद्दल सीएला भेटा. पुढे टीडीएस जास्त कापला जातोय असं वाटलं तर ब्रिटनशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यात व्याजावरचा कर १५ टक्क्यांवर येतो. त्यासाठी तिला तिथल्या कर खात्याचं रहिवासाचं प्रमाणपत्र घ्यावं लागेल आणि आपल्या आयकर पोर्टलवर त्याचा फॉर्म भरावा लागेल. रक्कम लहान असेल तर विवरणपत्र भरून परतावा घेणं सोपं.

आणि सही करून ठेवलेले कोरे फॉर्म असतील तर आजच फाडा.

लँकेशायरची लेक | १० सप्टेंबर

काकू, मी तुमच्या मुलीच्याच वाटेवर दहा वर्षं पुढे आहे. माहेर गिरगाव. दोन-तीन गोष्टी माझ्याकडून.

पैसे पाठवताना "आमचा चार्ज शून्य" हे वाचून भुलायचं नाही. चार्ज दरात लपलेला असतो. समजा बाजारात पौंड ११८ रुपये आहे आणि तुम्हाला ११५.८० ने मिळाला, तर हजार पौंडामागे २,२०० रुपये गेले, आणि ते कुठल्याही पावतीवर दिसत नाहीत. मी दर महिन्याला त्याच दिवशी, त्याच तासाला दोन-तीन सेवांवर एकच रक्कम टाकून बघते: हातात रुपये किती पडणार? तेवढं एकच बघायचं. बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकेकडून बँकेकडे, पाठवलं तर मधली बँकही आपला हात मारते, म्हणून हजार निघालेले नऊशे ऐंशी होऊन पोचतात. रुपये करताना भारतात जीएसटी लागतो, पण तो किरकोळ असतो, १ लाख १८ हजारांवर दोनशेच्या आत. त्याच्यावरून भांडू नका, दरावरून भांडा.

दुसरं म्हणजे नंबर. तिचं भारतातलं सिम अजून जिवंत आहे का? ओटीपी सगळे त्यावर येतात. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो. प्रीपेडमध्ये २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून तीस दिवस वाढतात. माझा २०१७ मध्ये गेला. नंतर तो भायखळ्याच्या कुणा काकांना मिळाला. बिचारे फार सज्जन, माझ्या आईला दोन महिने फोनवर सांगत होते की मी तुमची मुलगी नाही.

आता यूपीआय परदेशी नंबरावरही चालतं, मात्र खातं एनआरई किंवा एनआरओ हवं. २०२३ मध्ये दहा देशांच्या नंबरांना परवानगी मिळाली, त्यात ब्रिटन आणि अमेरिका दोन्ही आहेत. जुन्या बचत खात्यावर हे मिळणार नाही. खडूसदादांच्या भावाला एवढं तरी सांगा.

खडूस | १० सप्टेंबर

सांगतो. तो ऐकणार नाही.

रानडे रोड | १० सप्टेंबर

मुलुंड ताई, काटा तुमचाही खरा आणि त्याचाही. मी दादरला सोळा वर्षं घरून फराळ करते, निम्म्याहून जास्त बाहेरगावी जातो. कुरियरवाले खऱ्या वजनाबरोबर आकाराचं वजनही काढतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. तुमचं खोकं ४५ बाय ३५ बाय ३० चं असेल तर ४७,२५० भागिले ५,००० म्हणजे ९.४५ किलो. चिवड्याने मार खाल्ला तुमचा! चिवडा म्हणजे हवा. तुम्ही हवेचं विमानभाडं भरताय.

म्हणून मी काय करते: पोहे, शेंगदाणे, डाळं तिकडे मिळतात, तेव्हा चिवडा पाठवायचाच नाही. मसाला कोरडा भाजून पाव किलोच्या पुडीत द्यायचा, तिकडे दहा मिनिटांत चिवडा होतो. पाठवायची ती चकली, कडबोळी, करंजी, बेसनाचे लाडू. चकली उभी रचायची नाही, आडव्या चवडी लावायच्या, गोल डब्यात, वर-खाली बटर पेपर. करंजी ओल्या नारळाची अजिबात नको, सुक्या खोबऱ्याची. शंकरपाळी मधल्या फटी भरायला, थर्मोकोलचे पैसे वाचतात. खोकं डब्यांच्या मापाने कापून घ्यायचं, डबे खोक्याच्या मापाने नाही. पाच सेंटीमीटर उंची कमी झाली की तुमच्या खोक्याचं जवळजवळ पावणेदोन... थांबा, ४५ गुणिले ३५ गुणिले २५, भागिले ५,०००, म्हणजे ७.८७. दीड किलोचे पैसे वाचले.

अख्खी खोबऱ्याची वाटी घालू नका. तेलकट खोबरं विमानात धोकादायक मालात मोडतं, खोकं परत येतं.

शारजा रिटर्न | ११ सप्टेंबर

यात माझी भर. आखातात कुणी असेल तर अनारसे पाठवू नका. खसखस तिथे बंदी असलेल्या यादीत आहे, थेट अमली पदार्थांत. आम्ही शारजात असताना सासूबाईंनी मोठ्या हौसेने पाठवायचं ठरवलं होतं, शेजाऱ्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं. सिंगापूरलाही नाही चालत. खोकल्याच्या औषधाचंही तसंच, कोडीन असेल तर आधी परवानगी.

लँकेशायरची लेक | ११ सप्टेंबर

ब्रिटनचं सांगते. युरोपबाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता किंवा पाठवता येत नाहीत. तेव्हा तुपाचा डबा, पेढे, बर्फी, खवा नको. चकली-शंकरपाळीला हरकत नाही. गंमत म्हणजे सुकी मासळी चालते, स्वतःच्या वापरासाठी वीस किलोपर्यंत! माझी आई सुकट आणि बोंबील पाठवते. वास कुणाला आवडत नाही ती गोष्ट वेगळी. एका वर्षी पोस्टमनने खोकं दारात ठेवून बेल न वाजवताच पळ काढला होता.

भेट म्हणून पाठवलेलं ३९ पौंडांपर्यंत व्हॅटशिवाय सुटतं, म्हणजे साधारण ४,६०० रुपये. वर गेलं की व्हॅट, आणि तो गोळा करून देण्याचा वेगळा चार्ज, तो जास्त चीड आणतो. एका खोक्यात दोघांच्या भेटी असतील तर वेगवेगळ्या बांधा, फॉर्मवर नावं आणि किमती वेगवेगळ्या लिहा. प्रत्येकाला स्वतंत्र ३९ मिळतात. तुमच्या मुलीबरोबर मैत्रीण राहत असेल तर तिच्या नावाने एक पुडा बांधाच, तिलाही बरं वाटेल. फॉर्मवर "फूड" एवढंच लिहू नका. "घरी तळलेला तांदळाचा खाऊ, ८०० ग्रॅम" असं लिहा, इंग्रजीत अर्थात. आणि किंमत खरी लिहा. शून्य लिहिलेलं खोकं आधी उघडतात.

एडिसनकर | ११ सप्टेंबर

काकू, मी तुमच्या मुलाच्या गावाजवळच आहे. पोस्टाचं असं झालं: अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल बिनशुल्क यायचा, ती सवलत २९ ऑगस्टपासून काढली. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हे ठरेना म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बुकिंग थांबवलं. माणसाने माणसाला पाठवलेल्या १०० डॉलरपर्यंतच्या भेटीला अजून शुल्क नाही, पण पोस्ट तेही घेत नाही सध्या. दिवाळीपर्यंत सुरू होईल अशी आशा ठेवा, आणि खाजगी कुरियरकडे पाठवलंत तर शंभरच्या आतच ठेवा. घरी केलेला खाऊ भेट म्हणून येत असेल तर इथल्या अन्न-औषध खात्याची पूर्वसूचना लागत नाही, दुकानातून घेतलेल्याला लागते. पाकिटावर मिठाईवाल्याचं लेबल असेल तर कुरियरवाला तो फॉर्म मागणार. म्हणून रानडे रोड ताईंचा माल अडकू शकतो, तुमचा नाही. सॉरी ताई!

आता पैशाचं, जे तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या एफडींवर मुलाचं दुसरं नाव आहे का?

मुलुंड पूर्व | ११ सप्टेंबर

सगळ्यांवर आहे. आमच्या माघारी त्याला त्रास नको म्हणून. का?

एडिसनकर | १२ सप्टेंबर

कारण ते पैसे तुमचे असले तरी अमेरिकेच्या दृष्टीने खातं त्याचंही आहे. तिथे कर भरणाऱ्या माणसाच्या बाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तरी एफबार नावाचा फॉर्म भरावा लागतो. दहा हजार म्हणजे पावणेनऊ लाखांच्या आसपास. मुलुंडमधल्या कुठल्या आईवडिलांच्या एफडी तेवढ्या नसतात? त्यावर कर लागतो असं नाही, फक्त कळवायचं असतं. पण न कळवल्याचा दंड जबर आहे. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, म्हणजे गेल्या वर्षाचं भरायला त्याच्याकडे अजून महिना आहे. आज रात्रीच विचारा. तुमच्याकडून हवे ते एवढंच: प्रत्येक एफडीची वर्षातली सर्वांत मोठी रक्कम आणि खाते क्रमांक.

माझ्या आईने माझं नाव एका पतपेढीच्या खात्यात घातलं होतं, मला पाच वर्षांनी कळलं. ती म्हणाली, "सरप्राइज द्यायचं होतं."

यापुढे आईवडिलांच्या खात्यावर दुसरं नाव नको, नॉमिनी पुरे. नॉमिनी मोजत नाहीत.

अमेरिकेतून पैसे पाठवण्यावर एक टक्का कर येणार असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, त्याने घाबरू नका. १ जानेवारी २०२६ पासून आहे, पण रोख, मनी ऑर्डर वगैरे देऊन पाठवलं तरच. बँक खात्यातून किंवा अमेरिकेतल्या कार्डाने पाठवलं तर नाही.

मुलुंड पूर्व | १२ सप्टेंबर

विचारलं. गप्प झाला. मग म्हणाला, "आई, नक्की किती एफडी आहेत?" सात वर्षांत पहिल्यांदा त्याने आमच्या पैशाची चौकशी केली, ह्यांना उगाच आनंद झाला.

उरणचा | १३ सप्टेंबर

नमस्कार काकू. मी क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याकडे, आहे, न्हावा शेवातच. धागा उशिरा बघितला. खोक्यांचं माझ्यावर सोडा.

पहिलं: त्याने मूव्हरशी, म्हणजे सामान पाठवणाऱ्या कंपनीशी, काय ठरवलंय ते लेखी मागवा. "डोअर टू पोर्ट" असेल तर बोट लागली की त्याची जबाबदारी संपली. अठरा खोक्यांसाठी पूर्ण कंटेनर लागत नाही, चार-पाच जणांचं सामान एकत्र येतं, त्याला एलसीएल म्हणतात, भाडं घनमीटरवर. ४५ बाय ४५ बाय ६० ची अठरा खोकी म्हणजे सव्वादोन घनमीटरच्या आत. तिकडचं भाडं इतकं कमी सांगतात की माणूस खूश होतो. इकडे आल्यावर इथला एजंट डिलिव्हरी ऑर्डर द्यायचे पैसे मागतो: डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) चार्ज, हाताळणी, डीकन्सॉलिडेशन म्हणजे एकत्र आलेला माल वेगळा करणं, गोदामाचं भाडं. डीओशिवाय माल हलत नाही, तेव्हा तो सांगेल ते द्यावं लागतं. तिकडे कमी, इकडे वसूल. बुकिंगच्या आधीच विचारायचं: मुंबईतले डेस्टिनेशन चार्जेस किती, आकडा ईमेलवर. ईमेल नाही तर बुकिंग नाही.

दुसरं, कस्टम. बॅगेज रूल्स २०१६ प्रमाणे (हे फेब्रुवारी २०२६ पर्यंतचे नियम) दोन वर्षं किंवा जास्त बाहेर राहून कायमचा परत येणाऱ्याला पाच लाखांपर्यंत घरचं वापरातलं सामान बिनशुल्क. अटी: गेल्या दोन वर्षांत भारतातल्या फेऱ्या मिळून सहा महिन्यांहून जास्त नकोत, आणि गेल्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नको. सून वेगळी प्रवासी, तिची सवलत वेगळी, पण खोकी तिच्या नावाने वेगळी दाखवावी लागतील. पासपोर्टावरचे शिक्के बघतात, तेव्हा जुना पासपोर्ट टाकू नका.

तिसरं, वेळ. सामान त्याच्या आधी आलं तर जास्तीत जास्त दोन महिने आधी, नंतर पाठवलं तर तो उतरल्यापासून एका महिन्यात तिकडून निघालं पाहिजे. माझं मत: तो आधी येऊ दे, खोकी मागून. तो नसताना माल लागला तर गोदामाचं भाडं रोज चढतं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांपासून बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून येतात, त्यामुळे मूव्हर सांगेल त्या तारखेवर दोन-तीन आठवडे चढवा.

टीव्ही मोफत यादीत नाही, ड्युटी लागेल. मिक्सर, ओव्हन, टोस्टर तिकडेच विका. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. गेल्या महिन्यात एकाने सहा हजारांचा ट्रान्सफॉर्मर घेतला दोन हजारांच्या मिक्सरसाठी.

खडूस | १३ सप्टेंबर

आणि आईबाबांनी अटल सेतूवरून जायचं, जाऊन-येऊन टोल भरायचा, आणि कळायचं की साहेब जेवायला गेलेत.

उरणचा | १३ सप्टेंबर

काका, साहेब जेवतातच की. आईबाबांनी यायचंच नाही. ज्याचं सामान, त्याचा पासपोर्ट, तोच येणार. नाहीतर अधिकारपत्र देऊन एजंट. मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, त्यामुळे तो मुंबईत असताना काम सोपं.

यादीचं महत्त्वाचं. खोक्यांवर १ ते १८ आकडे, प्रत्येक खोक्यात काय ते यादीत, वापरलेलं की नवं, किंमत. "मिसलेनियस" लिहिलेलं खोकं साहेब पहिलं उघडायला लावतात. दागिने खोक्यात कधीच नाही, अंगावर. तेही बघून: त्याच २०१६ च्या नियमांत वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम, पण एक लाखाची मर्यादा, पुरुषाला २० ग्रॅम आणि पन्नास हजार. आजच्या सोन्याच्या भावात लाखात ४० ग्रॅम कुठे बसतात? इथून नेलेले दागिने असतील तर जाताना कस्टमचा दाखला घेतला होता का विचारा. बहुतेक घेत नाहीत.

मुलुंड पूर्व | १४ सप्टेंबर

सुनेचं मंगळसूत्र, पाटल्या, तोडे इथूनच गेलेत, दाखला कुणी घेतला नाही. लग्नातले फोटो चालतात का?

उरणचा | १४ सप्टेंबर

इथल्या सोनाराची जुनी पावती असेल तर ती जास्त चालते. दोन्ही ठेवा. आधीच खरं सांगितलेलं बरं असतं.

मुलुंड पूर्व | १७ ऑक्टोबर

आज वसुबारस. गेला महिना कसा गेला कळलं नाही, आता सगळं एकदम सांगते.

पोस्टात परवापासून अमेरिकेचं बुकिंग सुरू झालं. मी मात्र सप्टेंबरअखेर कुरियरने पाठवून मोकळी झाले होते, त्यामुळे बातमी वाचून चिडले. रानडे रोड ताईंच्या मापाने खोकं कापलं, आकार सात किलोवर आला. मुलाकडे पोचलं, पंधरापैकी दोन चकल्या मोडल्या. मुलीचं खोकं अजून वाटेत. तिच्या मैत्रिणीच्या नावाने वेगळा पुडा बांधला, त्यात तिने मागितलेली गोडा मसाल्याची पुडी घातली. मैत्रीण पंजाबी आहे!

बँकेत तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत समोरची मुलगी म्हणाली, खातेदाराने स्वतः यायला हवं. मी विचारलं, की पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती तिकडे साक्षांकित करून पाठवल्या तर? मग आतून एक साहेब आले आणि चालेल म्हणाले. तिने तिथल्या नोटरीकडून करून घेतल्या. बचत खातं आता एनआरओ झालं. एनआरई उघडलं. ऑक्टोबरचे पौंड त्यात आले, हप्ता त्यातून गेला. मला मँडेट दिलंय, म्हणजे मी इथली बिलं भरू शकते, पण पैसे बाहेर पाठवू शकत नाही. ह्यांनी विचारलं, "मग मला काय?" मी म्हटलं, तुम्ही १५जी भरत होतात तेच पुष्कळ.

सीएने दोन वर्षांचं व्याज जोडून विवरणपत्रं पुन्हा भरायला सांगितली. भरतोय. तिचा पॅनही तपासायला लावला, कारण २०२३ मध्ये आधार न जोडलेल्या अनिवासींचे पुष्कळ पॅन निष्क्रिय झाले होते. तिचा ठीक निघाला.

मुलाने एफबार मुदतीआधी भरला. एफडींवरून त्याचं नाव काढून नॉमिनी केलं. हे अजून म्हणतात की कागदावर पोरका केलास त्याला.

लँकेशायरची लेक | १७ ऑक्टोबर

काकू, इथेही आज सकाळपासून पाऊस. खोकं भाऊबीजेच्या आत पोचेल. नाही पोचलं तर ट्रॅकिंग नंबर इथे टाकू नका, मला खाजगीत पाठवा, मी इथून फोन करते.

खडूस | १८ ऑक्टोबर

भावाच्या शाखेतून काल फोन आला. केवायसी. खातं गोठवलंय. खिडकी काका, तुमचा जरा वेळ हवा होता.

खिडकी क्रमांक ४ | १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशीच्या दिवशी आठवण झाली. सोमवारी सुट्टी आहे का बघा, मग फोन करा. तोवर त्याला पासपोर्टाच्या सगळ्या पानांच्या प्रती काढायला सांगा. कोऱ्यासुद्धा.

मुलुंड पूर्व | ३ नोव्हेंबर

मुलीचं खोकं २४ तारखेला पोचलं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. व्हॅट नाही लागला.

उरणचा, मुलाने अठरा खोक्यांची यादी पाठवली आहे. खोकं ११ मध्ये लिहिलंय "किचन, मिसलेनियस". फोडून लिहायला सांगितलं तर त्यात निघालं: तवा, पोळपाट, पुरणयंत्र आणि प्रेशर कुकर. हा कुकर मीच २०१८ मध्ये घाटकोपरहून घेऊन त्याच्या बॅगेत कोंबला होता. आता तोच बोटीने परत येतोय. किंमत काय लिहू?

उरणचा | ३ नोव्हेंबर

वापरलेला कुकर, पाचशे रुपये. शिटी आणि रिंग वेगळी लिहू नका.